पहिला असेंबल केलेला कॉम्प्युटर आणि प्रोसेसरच्या नावामागचा ‘एफ’ : एक प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे घडलं. लग्नाच्या शूटिंगचा छोटा स्टुडिओ चालवणारे मामा आणि त्यांच्याकडे एडिटिंग करणारी एकवीस वर्षांची भाची, अशी दोन माणसं यात आहेत. दोघांशी निवांत बोलून आणि त्यांनी जपून ठेवलेली कोटेशनं व बिलं पाहून हे लिहिलं आहे. नावं, गाव आणि दुकानं मुद्दाम सांगितलेली नाहीत. किमती त्या वेळच्या आणि त्यांना मिळालेल्या आहेत, म्हणून त्या ढोबळ धराव्यात.

पहिल्यांदा स्वतः कॉम्प्युटर जोडणारा माणूस प्रोसेसर निवडताना बहुतेक वेळा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) किती, गिगाहर्ट्झ (वेग) किती आणि गेमला फ्रेम किती मिळतात, एवढंच पाहतो. इथला निर्णय मात्र प्रोसेसरच्या ज्या कोपऱ्यावर ठरला, त्याचा उल्लेख दुकानाच्या कोटेशनवर कुठेच नव्हता. हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

पार्श्वभूमी

मामांचा स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली, दोन कॅमेरे आणि सीझनला दोन मदतनीस. वर्षाची बहुतेक कमाई तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर. आधी एडिटिंग कोल्हापूरला बाहेर द्यायचे. भाची प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकली आणि हळूहळू ते काम घरात आलं. तिच्याकडे २०१८ सालचा लॅपटॉप होता, इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ आणि ८ जीबी रॅम. जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज त्यावर रडतखडत का होईना, निघायचं.

उन्हाळ्याचा सीझन संपला आणि मामांनी नवा मिररलेस कॅमेरा घेतला. तो दहा बिटमध्ये, लॉग प्रोफाइलवर चित्रण करतो, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवतो आणि नंतर रंग सुधारायला वाव राहील असं फिकट चित्र घेतो. यामागचं त्यांचं कारण पक्कं होतं. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा रंग फाटतो, मांडवातल्या रंगीत एलईडीखाली नवरीचा चेहरा जांभळा पडतो, आणि आठ बिटच्या फुटेजमध्ये ते नंतर दुरुस्त करायला जागाच उरत नाही. नव्या कॅमेऱ्यानं ती जागा दिली, पण लॅपटॉप गुडघ्यावर आला.

अडचण

क्लिप टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीनं मांडायच्या पट्टीवर) टाकली की चित्र थांबत थांबत पुढे सरकायचं. माउसनं मागे-पुढे ओढलं तर पडदा गोठायचा. भाचीनं रॅम १६ जीबी केली, फारसा फरक पडला नाही. शेवटी प्रॉक्सी करणं सुरू झालं, म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी प्रत आधी काढायची, तिच्यावर एडिट करायचं आणि एक्स्पोर्टला मूळ फाइल जोडायची. पद्धत चांगलीच आहे, पण त्या लॅपटॉपला एका लग्नाच्या प्रॉक्सी करायला रात्र पुरत नव्हती. रात्रीत वीज गेली की सकाळी राहिलेल्यांपासून पुन्हा सुरुवात.

नेमकं अडत कुठे होतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय यावरच उभा आहे.

कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ आटवून साठवण्याची एक पद्धत), दहा बिट, ४:२:२ पद्धतीनं रेकॉर्ड करत होता. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. काही फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढं असतं. त्यामुळे मधलीच एक फ्रेम दाखवायची तर आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम आधी उलगडाव्या लागतात. मागे-पुढे ओढताना लॅपटॉप गुदमरायचा तो याच कामात. ४:२:२ हा रंगाचा हिशोब आहे. नेहमीच्या ४:२:० मध्ये चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाची एकच नोंद असते, ४:२:२ मध्ये दोन. रंग सुधारायला ते सोयीचं, पण उलगडायला जड.

हे उलगडणं प्रोसेसरचे कोअर करू शकतात किंवा ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठीच बसवलेला हार्डवेअर डीकोडर करू शकतो. डीकोडरनं केलं तर कोअर जवळजवळ मोकळे राहतात. घरोघरी पाहिला जाणारा बहुतेक व्हिडिओ ४:२:० असतो, म्हणून बहुतेक डीकोडर तेवढ्याचीच तयारी ठेवतात. एच.२६५ चं दहा बिट ४:२:२ उलगडणारा डीकोडर २०२३ मध्ये डेस्कटॉपसाठी इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये आणि इंटेलच्या आर्क नावाच्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डांमध्ये होता. एनव्हिडियाच्या तेव्हाच्या कोणत्याही कार्डात तो नव्हता, अगदी महागड्यातही नव्हता. एएमडीच्या कार्डांत आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येही नव्हता.

भाचीला यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं. तिच्या लेखी अडचण एवढीच होती की लॅपटॉप जुना झालाय, नवा दणकट कॉम्प्युटर हवा.

पैसे होते ६० हजार. त्यातले चाळीस मामांनी कामाच्या उचलीपोटी दिलेले, वीस तिचे स्वतःचे साठवलेले. मॉनिटर स्टुडिओत होता.

समोर आलेले पर्याय

पहिलं कोटेशन पुण्यातल्या एका दुकानाचं. तपकीर गल्लीत आणि आजूबाजूला दोघं दिवसभर फिरले आणि एका दुकानदारानं वेळ देऊन यादी काढून दिली : कोअर आय५ १२४००एफ, सोबत ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, १६ जीबी रॅमची एक काडी, ५१२ जीबी एसएसडी. ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद केलेलं मॉडेल. तेच सहा कोअर, तेच बारा थ्रेड, तोच १८ एमबी कॅश, फक्त पडद्यावर चित्र काढण्याची सोय नाही. साध्या १२४०० पेक्षा ते दोन-अडीच हजारांनी स्वस्त पडत होतं. दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं : कार्ड घेणारच आहात, मग आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला भरता?

दुकानदार फसवत नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. त्याच्याकडे येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांना गेम खेळायचे असतात आणि त्यांच्यासाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. त्यानं कामही विचारलं होतं. ‘व्हिडिओ एडिटिंग’ असं उत्तर मिळालं आणि एडिटिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड हवंच, ही बाजारातली रूढ समजूत त्यानं लावली. कॅमेऱ्यातून फाइल कोणत्या प्रकारची निघते, हा प्रश्न त्यानं विचारला नाही आणि यांनीही सांगितलं नाही.

दुसरा पर्याय भाचीच्या कॉलेजातल्या मित्राचा. तो एएमडीचा चाहता. त्यानं रायझन ५ ५६००जी सुचवला. सहा कोअर, बारा थ्रेड, आत व्हेगा ग्राफिक्स, सोबत कूलर, आणि बोर्ड (मदरबोर्ड) धरून सगळा संच चार-पाच हजारांनी स्वस्त. साध्या कामाच्या कॉम्प्युटरसाठी तो तेव्हा उत्तम सौदा होता. मात्र एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या ज्या खाचेत तो प्रोसेसर बसतो त्या प्रकाराचा, प्रवास संपत आला होता आणि ४:२:२ चा डीकोडर त्यात नव्हता.

त्याच मित्राचा दुसरा सल्ला होता एएम५ सॉकेटवरचा रायझन ५ ७६००. चिप नवी, वेगवान, आणि पुढची काही वर्षं त्याच बोर्डावर नवे प्रोसेसर बसतील ही खात्री. पण एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि बी६५० बोर्ड तेव्हा महाग होते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम मिळून बजेटचा इतका भाग जात होता की फुटेज ठेवायला डिस्कच उरत नव्हती. त्या कॅमेऱ्याचं तासाभराचं फुटेज सत्तर जीबीच्या घरात जातं. ज्याच्याकडे एका लग्नाचं पाच-सहा तासांचं फुटेज येतं, त्यानं डिस्कच्या पैशांत काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

इंटेलमध्येच आणखी दोन वाटा होत्या. आय५ १३४०० मध्ये सहा मोठ्या कोअरबरोबर चार छोटे कोअर मिळतात, पण तो चार-साडेचार हजारांनी महाग. शिवाय बी६६० चा बोर्ड घेतला तर त्यावरचा बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुना असण्याची शक्यता, कारण ते बोर्ड बाराव्या पिढीबरोबर आलेले. जुन्या बायोसवर तेराव्या पिढीचा प्रोसेसर चालू होत नाही आणि पहिल्यांदाच जोडणाऱ्याला, पडदा काळा का, याचा उलगडा करता येत नाही. दुसरी वाट खालची, आय३ १२१००. चारच कोअर, पण ग्राफिक्स १२४०० मधलंच, यूएचडी ७३०, म्हणजे डीकोडरही तोच. टाइमलाइनवर फुटेज पळवण्यापुरतं पाहिलं तर हा सगळ्यांत स्वस्त इलाज होता.

आणखी एक पर्याय होता, थांबण्याचा. ऑक्टोबरमध्ये चौदावी पिढी येणार अशी बाजारात चर्चा होती. घरातूनही पंचांग पुढे आलं होतं. १९ सप्टेंबरला गणपती, मग महिनाअखेरीस पितृपक्ष, त्यात आई काही घेऊ देणार नाही. म्हणजे गणपतीच्या आधी घ्या, नाही तर दसऱ्याला. दसऱ्याला घेतलं असतं तर जोडणी, चुका आणि दुरुस्ती यांना तुळशीच्या लग्नाआधी जेमतेम महिना मिळाला असता. पुढे झालं असं की १७ ऑक्टोबरला आले ते चौदाव्या पिढीचे महागडे ‘के’ प्रोसेसर. या बजेटचा १४४०० यायला २०२४ चा जानेवारी उजाडला. न थांबण्याचा निर्णय योग्यच ठरला.

निर्णय कुठे फिरला

पुण्याहून परतताना मामांचा कल पहिल्या कोटेशनकडे होता. भाचीच्या मनात शंका होती. लॅपटॉप अडकतो तेव्हा नेमकं काय अडकतं, हे तिला पाहायचं होतं. तिनं लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून तीच क्लिप चालवली. ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा आलेख असतो, तो सपाट पडलेला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. जुन्या कॅमेऱ्याची क्लिप लावली तर आलेख वर चढला आणि प्रोसेसर शांत झाला. एकाच लॅपटॉपवर, एकाच दिवशी, दोन कॅमेऱ्यांच्या फाइलना दोन वेगळी वागणूक. म्हणजे प्रश्न नुसता लॅपटॉपच्या वयाचा नव्हता.

“अगं, दुकानदार रोज मशीन जोडतोय, त्याला कळत नसेल होय?” मामा म्हणाले.

“कळतंय की मामा, पण त्यानं तुमची क्लिप कुठं बघितलीय? आपणच लावून बघूया.”

एका मित्राकडे गेमसाठी जोडलेलं मशीन होतं, योगायोगानं १२४००एफ आणि १६५० चंच. मावसभावाकडे अकराव्या पिढीच्या आय५ चा पातळ लॅपटॉप होता, वेगळं कार्ड नसलेला. भाचीनं मंगलाष्टकांच्या वेळच्या दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दोन्हीकडे त्या डिस्कवर उतरवून प्रीमियरमध्ये लावल्या.

गेमच्या मशीनवर एक क्लिप सरळ चालली, कारण सहा नवे कोअर जोरावर तेवढं उलगडू शकतात. मागे-पुढे ओढताना मात्र पडदा मागे राहू लागला आणि दोन कॅमेरे मल्टिकॅममध्ये, म्हणजे एकाच वेळी शेजारी-शेजारी, लावल्यावर फ्रेम गळायला लागल्या. कार्डाचा डीकोड आलेख पूर्णवेळ शून्यावर. त्यापेक्षा कितीतरी दुबळ्या लॅपटॉपवर दोन्ही क्लिप लोण्यासारख्या सरकल्या. आलेख वर आणि प्रोसेसर निवांत.

मामा तिथेच होते आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. चर्चा त्या संध्याकाळी संपली. प्रोसेसर ग्राफिक्ससह घ्यायचा, कार्ड आत्ता घ्यायचं नाही, आणि वाचलेले पैसे रॅम आणि डिस्कमध्ये घालायचे.

राहिला प्रश्न आय३ की आय५. डीकोडर तोच असला तरी एक्स्पोर्ट, रंगाचं काम, आवाजाची सफाई, ट्रेलरमधले इफेक्ट हे सगळं कोअरवर येणार होतं, कारण कार्ड नव्हतं. फरक सहा हजारांचा. भाचीनं आय५ १२४०० निवडला. मला हा निर्णय बरोबर वाटतो. कार्ड नसलेल्या काळात चार कोअरवर ती लवकर अडली असती आणि सीझनच्या मध्यात प्रोसेसर बदलणं कुणालाच परवडत नाही.

खरेदी

प्रोसेसर सोळा हजारांच्या आसपास पडला. इथे एक छोटा पण महत्त्वाचा फाटा आला. दुकानदारानं ‘ट्रे पीस’ दीड हजारांनी कमी सांगितला. ट्रे पीस म्हणजे कंपन्यांना घाऊक पुरवलेला, डबा आणि पंखा नसलेला सुटा प्रोसेसर. त्यावर ग्राहकाला इंटेलची थेट वॉरंटी मिळत नाही, दुकान जी देईल ती. या दुकानाची वर्षभराची होती. बॉक्स पीसवर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत कूलर. कूलर वेगळा घ्यायचा म्हटलं तर बचत तिथेच संपत होती, म्हणून बॉक्स पीस घेतला. डब्यावरच्या लेबलवरचा बॅच क्रमांक प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरही छापलेला असतो. तो भाचीनं दुकानातच डबा उघडून ताडून पाहिला आणि फोटो काढून ठेवला.

पक्क्या बिलाबद्दल मामा आधी कुरकुरले. यावर १८ टक्के जीएसटी बसतो आणि स्टुडिओची नोंदणी नसल्यामुळे तो परत मिळणार नव्हता. पण कच्च्या बिलावर कोणतीही वॉरंटी पुढे नीट चालत नाही, हे कॅमेऱ्याच्या लेन्सच्या अनुभवावरून त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विषय वाढवला नाही.

बोर्ड बी६६० चा, डीडीआर४ चा घेतला. एच६१० चा तीन हजारांनी स्वस्त होता. त्याला रॅमच्या दोनच खाचा आणि एम.२ ची, म्हणजे एसएसडी बसवायची, एकच जागा होती. पुढे डिस्क आणि रॅम वाढणार हे उघड होतं. रॅम १६-१६ च्या दोन काड्या. एकच ३२ ची काडी घेऊ नये, कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून वापरतं, आणि दोन काड्या लावल्या की दोन मार्गांनी माहिती वाहते. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी चालू कामासाठी, ४ टीबीची हार्ड डिस्क साठवणीसाठी, ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि गावातल्या विजेचा भरवसा नसल्यामुळे यूपीएस. सगळं मिळून साठ हजारांच्या आत बसलं.

जोडणी

जोडणी घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारच्या टेबलावर झाली. इंटेलच्या या सॉकेटमध्ये नाजूक पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा, दाबायचा नाही. दांडी खाली घेताना बऱ्यापैकी जोर लागतो आणि काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडून बाहेर येतं. त्या आवाजानं पहिल्यांदा जोडणारा प्रत्येक जण दचकतो. झाकण जपून ठेवायचं, बोर्ड वॉरंटीला पाठवताना लागतं.

मशीन पहिल्याच प्रयत्नात सुरू झालं, विंडोज चढलं, प्रीमियर चढलं. पहिलं एक्स्पोर्ट लावलं आणि पंखा किंचाळायला लागला. तापमान शंभर अंशांना टेकलेलं. या प्रोसेसरची मर्यादा तीच आहे, त्यामुळे जळण्याची भीती नव्हती, पण स्वतःला सावरण्यासाठी तो वेग पाडत होता.

कारण साधं निघालं. डब्यातला कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो, बोर्डाच्या मागून बघितल्याशिवाय त्या पूर्ण आत गेल्या का हे कळत नाही. एक पीन अर्धीच बसली होती आणि कूलरची एक बाजू उचललेली होती. कूलर काढल्यावर त्यावरची मूळची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाया गेली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, नवी लावून, समोरासमोरच्या पिना आळीपाळीनं दाबून कूलर पुन्हा बसवला. मग तापमान आवाक्यात आलं. बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्याआधीच कूलर लावून मागून पाहिलं असतं तर ही संध्याकाळ वाचली असती.

निकाल

२०२३-२४ चा सीझन या मशीनवर निघाला. प्रॉक्सी करणं बंद झालं, हा सगळ्यांत मोठा बदल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाची थेट कापायला बसू लागली. ट्रेलर लोकांना आठवड्याऐवजी दोन-तीन दिवसांत मिळू लागला आणि बाहेर द्यायचं एडिटिंग पूर्ण थांबलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. रात्रीच्या वरातीच्या फुटेजवर नॉइज काढणारा इफेक्ट लावला की आतलं ग्राफिक्स हतबल व्हायचं. तिथे खऱ्या कार्डाची गरज होती आणि ती दिसणार हे आधीपासून ठाऊक होतं. पुढच्या वर्षी त्यांनी एनव्हिडियाचं ८ जीबीचं कार्ड जुन्या बाजारातून घेतलं. ते बसवलं, मॉनिटरची केबल त्यात लावली, आणि टाइमलाइन पुन्हा जुन्या लॅपटॉपसारखी अडखळायला लागली.

भाची दोन दिवस हैराण होती. कार्ड खराब आलं असंच तिला वाटलं. खरं कारण असं की वेगळं कार्ड सापडलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. डीकोडर त्याच्याबरोबर झोपला होता. पुन्हा टास्क मॅनेजर उघडल्यावर इंटेलचं ग्राफिक्स यादीतच नाही हे तिला दिसलं. बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ नावाची सोय चालू केली, इंटेलचा ड्रायव्हर पुन्हा घातला, प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये डीकोडिंगसाठी इंटेलवर खूण केली. आता उलगडण्याचं काम इंटेल करतं, इफेक्ट आणि रंग एनव्हिडिया सांभाळतं. सोय बायोसमध्ये हाताशी असते, पण ती कुणी सांगत नाही. एवढ्या एका खुणेअभावी माणसं चांगली कार्डं परत करतात.

उन्हाळ्यात चाळिशीतल्या तापमानात डब्यातला कूलर फार आवाज करू लागला, तेव्हा दोनेक हजारांचा उभा टॉवर कूलर लावला. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या बातम्या आल्या, कंपनीनं त्यासाठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या काढल्या आणि वॉरंटी वाढवली. मामांनी काळजीनं फोन केला. बारावी पिढी त्यात नव्हती, त्यामुळे काही करावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन पुण्याला जाता आलं असतं. कोटेशन काढण्याआधी दुकानदाराला फाइल दाखवली असती तर त्याचा सल्लाही बदलला असता, निदान चर्चा योग्य ठिकाणाहून सुरू झाली असती. काम सांगताना ‘व्हिडिओ एडिटिंग’ एवढं सांगून भागत नाही. फाइलचा प्रकार, किती कॅमेरे एकाच वेळी, कोणतं सॉफ्टवेअर, हे तिन्ही सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती दोघांच्याही नजरेतून सुटली. यूएचडी ७३० मध्ये व्हिडिओचं काम करणारं इंजिन एकच असतं. थोड्या वरच्या आय५ १२५०० मध्ये यूएचडी ७७० आहे आणि त्यात अशी दोन इंजिनं आहेत. कोअर तेवढेच, घड्याळाचा वेग किंचित जास्त, म्हणून बाजारात १२५०० ला फारसं कुणी विचारत नाही आणि छोट्या दुकानांत तो ठेवलेलाही नसतो. गेम खेळणाऱ्याला त्याचे जादा पैसे देण्यात खरोखर अर्थ नाही. पण आता मोठ्या लग्नांना मामा तीन कॅमेरे लावतात आणि मल्टिकॅममध्ये तिसरा कॅमेरा टाकला की टाइमलाइन धापा टाकते. सुरुवातीला तिन्ही फाइल हार्ड डिस्कवरून वाचल्या जात होत्या. त्या एसएसडीवर आणल्यावर बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. मागवून का होईना, १२५०० घ्यायला हवा होता. प्रोसेसरच्या तपशिलाच्या पानावर ही इंजिनांची संख्या इंटेल स्वतः देतं. कोअरच्या ओळीशी थांबल्यामुळे खालची ओळ वाचली गेली नाही.

तिसरा कॅमेरा भाड्यानं येतो, हाही मुद्दा आहे. त्यातला एक दहा बिट ४:२:२ च रेकॉर्ड करतो, पण एच.२६४ मध्ये. तो प्रकार या डीकोडरला उलगडता येत नाही. त्या एका कॅमेऱ्यापुरत्या प्रॉक्सी आजही कराव्या लागतात. भाड्यानं घेतानाच त्याला एच.२६५ वर लावायला सांगायचं, असं आता ठरलं आहे. काही कॅमेऱ्यांत सेकंदाला २५ फ्रेमसाठी एच.२६५ निवडताच येत नाही, तिथे ५० वर चित्रण करावं लागतं आणि डिस्क तेवढी जास्त भरते.

कार्ड घेतानाही आणखी एक वाट होती. इंटेलच्या आर्क कार्डांत, अगदी लहान ए३८० मध्येसुद्धा, हाच ४:२:२ चा डीकोडर आहे. इफेक्टच्या कामात ते एनव्हिडियाच्या मोठ्या कार्डाची बरोबरी करणार नाही, पण ज्यानं आधीच ‘एफ’ प्रोसेसर किंवा रायझन घेतला आहे, त्याला प्रोसेसर न बदलता या अडचणीतून सुटायला ते पुरेसं आहे. भाचीच्या मित्राला, त्या गेमच्या मशीनवाल्याला, तिनं हेच सुचवलं, कारण तोही आता शूटिंगची कामं घेतो.

आज हीच यादी काढायची झाली तर हिशोब वेगळा लागेल. जानेवारी २०२५ पासून आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत ४:२:२ उलगडण्याची सोय आली आहे, एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीची. असं कार्ड पहिल्याच दिवशी घेणाऱ्याला ‘एफ’ प्रोसेसर घेऊन पैसे वाचवता येतील आणि एएमडीचा मार्गही खुला राहील. कार्डाचे पैसे नंतर जमणार असतील, तर मात्र ग्राफिक्स असलेला इंटेलचा प्रोसेसरच घ्यावा, आणि ७३० की ७७० हे बिल करण्याआधी विचारून घ्यावं.